तलावासमोर मांडलेला बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे आणि माझा जन्म पुरातला. बिलारूक गावाला वळसा घालून जाणाऱ्या नदीला एके वर्षी मोठा पूर आला आणि काठावरची एक लाल निलगिरी मुळासकट उपटली गेली. हर्ब नावाच्या सुताराने ते झाड ट्रॅक्टरने ओढून आणले, त्याच्या फळ्या पाडल्या, त्या सावलीत मनासारख्या वाळू दिल्या आणि मग मला घडवले. माझी पाठ त्याने थोडी तिरकी ठेवली, म्हणजे थकलेल्या माणसाला रेलता यावे. काम झाल्यावर तो स्वतःच पहिल्यांदा माझ्यावर बसला, दोन्ही हात माझ्या कडेवरून फिरवले आणि म्हणाला, "झकास!"

मला पालिकेच्या नव्या इमारतीत कारकुनाच्या खोलीबाहेर ठेवले. लोक कुत्र्याच्या परवान्यासाठी येत, घराचे नकाशे मंजूर करून घ्यायला येत, नळाची तक्रार घेऊन येत आणि माझ्यावर बसून वाट पाहत. काय भक्कम बाक आहे, असे येणारे-जाणारे म्हणत. बसण्याच्या रीतीवरून मला माणूस कळू लागला. ज्याला आपले काम होणार याची खात्री असते तो पाठ टेकून, पाय पसरून बसतो. ज्याला खात्री नसते तो नुसता काठावर टेकतो, जणू आता कुणीतरी उठवणारच आहे.

बरीच वर्षे अशी गेली. मग गाद्या लावलेल्या खुर्च्या आल्या आणि मी नको झालो. दोन शिपायांनी मला ढकलत ढकलत बोळाच्या अगदी टोकाला नेले. तिथे फरशी पुसायची बादली होती, केरसुण्या होत्या आणि एक खोली होती. तिच्या दारावर पाटी होती: 'बिलारूक मानवी हक्क आयोग'.

नाव मोठे, पण आयोग गावापुरता. रंगावरून, धर्मावरून, भाषेवरून गावात कुणाला कुणी दाराबाहेर ठेवले, तर त्याचे म्हणणे ऐकायचे आणि पालिकेला जाब विचारायचा, एवढे त्याचे काम. महिन्यातून एकदा संध्याकाळी सभासद जमत. मी दाराबाहेर होतो तो येणाऱ्या लोकांसाठी. पण लोक येतच नसत. माझ्या पायांत कोळ्यांनी जाळी विणली. उन्हाळ्यात कुणीतरी माझ्यावर फरशीचे ओले फडके वाळत घातले, ते तसेच राहिले.

आयोगाचे अध्यक्ष कॉलिन पेड्रिक. गावातले औषधांचे दुकान आयुष्यभर चालवून निवृत्त झालेले, सरळ मनाचे गृहस्थ. सभेला ते नेहमी लिंबाची बिस्किटे घरून करून आणत. दुसरी होती मर्लमावशी. या नदीवर ज्यांची हजारो वर्षांची वस्ती, त्या कूरी आदिवासींपैकी ती. सारे गाव तिला मावशी म्हणे. तिचे गुडघे दुखत, म्हणून सभेआधी ती घटकाभर माझ्यावर बसे. त्या काळात माझ्यावर बसणारी ती एकटीच.

दार उघडे असले की आतले बोलणे मला ऐकू येई.

"यंदाही एकही तक्रार नाही," कॉलिन एकदा समाधानाने म्हणाले. "म्हणजे गाव सुखी आहे."

"किंवा तक्रार करायची कुठं, हेच गावाला ठाऊक नाही," मर्लमावशी म्हणाली.

त्यावर बरीच चर्चा झाली. लोकांना आयोगाशी जोडायचे, विशेषतः तरुण मुलांना, असे ठरले. कॉलिन हौसेने कामाला लागले. बागेत 'तरुणांचा दिवस' करायचा, सॉसेज भाजायचे, टोप्या वाटायच्या, गावभर चित्रे लावायची. पहिले चित्र छापून आले तेव्हा त्यांनी ते माझ्याच पाठीमागच्या भिंतीवर चिकटवले. हसणारी मुले, वर मोठ्या अक्षरात 'आमच्यात सामील व्हा!'

तरुणांचा दिवस झाला. दुसऱ्या दिवशी उरलेल्या टोप्यांची खोकी माझ्यावर रचून ठेवली. बहुतेक सगळ्याच टोप्या उरल्या होत्या.

नंतरच्या सभेला मात्र एक मुलगी आली. उंच, शाळेच्या गणवेशात, केस बारीक वेण्यांत घट्ट बांधलेले. तिने टोप्यांची खोकी उचलून खाली ठेवली, फडके झटकून बाजूला टाकले आणि माझ्या काठावर टेकली. तिचे नाव अचोल. तिचे आईवडील दक्षिण सुदानमधून आलेले. आई गावाबाहेरच्या कोंबड्यांच्या कारखान्यात पाळीवर कामाला जाई.

तिला बराच वेळ बसावे लागले. आत आधीच्या सभेचे इतिवृत्त चालले होते. शेवटी मर्लमावशी पाय मोकळे करायला बाहेर आली.

"अगं, तू कुणासाठी बसलीयेस?"

"तुमच्यासाठीच. बाई म्हणाल्या, आयोगाला तरुण मुलं हवी आहेत. मी तरुण आहे."

मावशी खळखळून हसली. "आत ये, आत ये! कॉलिन, ते इतिवृत्त राहू दे. तुझ्या चित्रातली पोरगी आली."

"चित्रातली नाही," अचोल दारातूनच म्हणाली. "तेच विचारायचं होतं. ती हसणारी मुलं कुणाची आहेत? आम्ही वर्गात सगळ्यांनी शोधलं. गावात तर कुणी नाही."

कॉलिन गोंधळले. "ते... छापखान्याकडे तयार मिळतं, तसं आणलं."

"वाटलंच. इथं न हसायची इतकी कारणं असताना एकदम एवढी मुलं हसतील कशाला?"

मग कुणीतरी बिस्किटांचा डबा पुढे केल्याचा आवाज आला.

"राग नका मानू," अचोल म्हणाली. "पण तुम्ही सभा घेता तेव्हा माझी आई कामावर निघालेली असते. माझ्या मैत्रिणीच्या, मासूमाच्या आईला ही इमारत म्हणजे दंड भरायची जागा वाटते. तुम्ही आम्हाला बोलावता, पण तुम्ही येत कुठंच नाही."

"मग आम्ही काय करावं म्हणतेस?" कॉलिननी विचारले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते खरेच विचारत होते.

"बाहेरचा बाक कुणाचा?"

"आयोगाचाच म्हणायचा."

"मग तो बाहेर काढा. आम्ही असतो तिथं न्या. आणि बसा."

मित्रांनो, असा कुणी माझा विचार केल्याला किती वर्षे झाली होती! पुढच्या शनिवारी मर्लमावशीच्या भाच्याने आपली मागून उघडी गाडी इमारतीच्या दाराशी लावली. कोळ्यांची जाळी झाडून मला गाडीत चढवले आणि फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला उतरवले. कितीतरी वर्षांनी माझ्या अंगावर ऊन पडले.

पहिल्या दिवशी कुणी जवळ आले नाही. कॉलिन एका टोकाला, मर्लमावशी दुसऱ्या टोकाला, मध्ये अचोल, अशी तिघे बसून राहिली.

"बसची वाट बघताय का, आजोबा?" एका खेळाडू मुलाने जाता जाता विचारले. "इथं बस थांबत नाही."

"थांबेल," मर्लमावशी म्हणाली. "आम्ही हलणार नाही."

आणि ती तिघे खरेच हटली नाहीत. एका शनिवारी मैदान, एकदा कपडे धुण्याच्या दुकानाबाहेर, एकदा कारखान्याच्या फाटकाशी पाळी बदलताना. वारा असो, माश्या असोत, कॉलिन टोपी घालून हजर. सुरुवातीला ते लोकांना आयोगाची माहिती द्यायला जात. अचोल त्यांच्या कोपराला हळूच ढोसायची. "ऐका. नुसतं ऐका." हळूहळू ते गप्प बसायला शिकले. आणि मग लोक बसू लागले. कारखान्यातून सुटलेल्या बायका पाय दुखतात म्हणून बसल्या आणि उठेपर्यंत बरेच काही सांगून गेल्या. मासूमाची आई, अफगाणिस्तानातून आलेली हजारा जमातीची बाई, पहिल्यांदा आली ती बटाटा भरलेल्या गरम बोलान्या, म्हणजे त्यांच्याकडचे पराठेच, घेऊन. तिला वाटले, हे तिघे उपाशी बसले आहेत.

मुलेही बोलू लागली. आणि प्रत्येकाच्या बोलण्यात फिरून फिरून एकच गोष्ट येऊ लागली: गावचा पोहण्याचा तलाव.

तलावाच्या फाटकावर पाटी होती, 'घोळक्याने आत येऊ नये'. नियम साधा दिसे. पण सुदानी मुले तिघे-चौघे मिळून आली की घोळका होत. इतर मुले तशीच आली की मित्र होत. मासूमा अंगभर झाकणारा पोहण्याचा पोशाख घालून गेली, तर तिला 'हे कपडे पोहण्याचे नाहीत' म्हणून परत पाठवले. पोशाख तिने पोहण्याच्या कपड्यांच्या दुकानातूनच घेतला होता.

"मग उन्हाळ्यात तुम्ही जाता कुठं?" कॉलिननी विचारले.

सगळी मुले अचोलकडे पाहू लागली.

"कालव्यावर," अचोल म्हणाली.

शेतांना पाणी नेणारा कालवा गावाच्या मागून जातो. सिमेंटचे उतरते काठ, शेवाळ धरलेले, आणि वरून संथ दिसणारे पण आतून ओढणारे पाणी. अचोलचा धाकटा भाऊ मजोक काही वर्षांपूर्वी तिथेच बुडाला होता. आधी तो तलावावर गेला होता, मित्रांबरोबर. फाटकावरून परत पाठवल्यावर ती मुले कालव्यावर गेली. त्यांच्यातल्या एकालाही पोहता येत नव्हते.

"सगळ्यांना वाटतं, तो अपघात होता," अचोल म्हणाली. "अपघातच होता. पण त्या दिवशी तो आधी दुसरीकडे गेला होता, हे कुणी विचारलंच नाही."

तिने दोन्ही हातांनी माझी कड घट्ट धरली होती. कॉलिननी टोपी काढून मांडीवर ठेवली. मजोक वारला तेव्हा त्यांनी पालिकेतर्फे फुले पाठवली होती.

बोलली ती मर्लमावशी. "मी लहान असताना हा तलाव नवीन झाला. आम्हा कूरी पोरांना आत घेत नसत. आम्ही कुंपणाच्या तारांना धरून उभे राहायचो आणि आतल्या पोरांच्या उड्या मोजायचो. माझी आई त्याबद्दल विचारायला पालिकेत गेली होती. निळी टोपी घालून, नटूनथटून. याच बाकावर बसली. कार्यालय बंद होईपर्यंत बसली. कुणी आत बोलावलं नाही."

मित्रांनो, ती निळी टोपी मला आठवते. ती बाई काठावर टेकली होती. तिची पर्स मांडीवर उभी होती. शिपाई दिवे मालवायला आला तेव्हा ती उठली, घडी केलेल्या रुमालाने तिने आपण बसलो होतो ती जागा पुसली आणि गेली. तिला काय विचारायचे होते, ते मला इतक्या वर्षांनी कळले.

"तो नियम गेला म्हणून मी समजत होते की ते संपलं," मावशी म्हणाली. "नुसती पाटी बदलली."

"मग आता काय करायचं?" मासूमाने विचारले.

"आता मला तलावावर न्या," मावशी म्हणाली. "मला आणि या बाकाला."

नगराध्यक्षा लिनेटबाईंना हे आवडले नाही. त्या स्वतः कारखान्याच्या फाटकाशी आल्या आणि कॉलिनना बाजूला घेतले, म्हणजे माझ्याच दुसऱ्या टोकाला.

"कॉलिन, आयोगानं खाद्यजत्रा करावी, नाच-गाणी करावीत, आमची ना नाही. तलाव हा आयोगाचा विषय नाही. असंच चाललं तर आयोग ठेवायचा की नाही, याचा विचार करावा लागेल."

एरवी कॉलिन अशा वेळी घसा खाकरून 'बघू या' म्हणत. त्या दिवशी त्यांनी घसा खाकरला खरा, पण म्हणाले, "लिनेट, बरखास्त करायचं तर कर. खोलीची किल्ली आजच देतो. पण आम्ही तलावासमोर बसणार आहोत. तू फक्त एक दुपार येऊन आमच्याजवळ बस. बोलायचं काही नाही. नुसतं बघायचं."

"आणि मला जे दिसेल ते तुम्ही म्हणता तसं नसेल तर?"

"तर मी गावासमोर माफी मागेन."

कडक उन्हाळा लागला होता. तलावासमोर रस्त्यापलीकडे एका झाडाची सावली होती, तिथे मला मांडले. तलावाचे व्यवस्थापक शेन तरातरा रस्ता ओलांडून आले.

"इथं काय चाललंय?"

"बसलोय," अचोल म्हणाली. "बाक आयोगाचा, फुटपाथ पालिकेचा आणि उन्हाळा देवाचा."

"मोर्चा काढायचा तर परवानगी लागते."

"मोर्चा चालतो," मर्लमावशी म्हणाली. "माझे गुडघे बघ. मी चालणारी दिसते का तुला?"

शेन डोके हलवत परत गेले. थोड्या वेळाने लिनेटबाई आल्या. मोठी टोपी, पाण्याची बाटली, हातातल्या घड्याळाकडे नजर. त्या पाठ टेकून बसल्या.

शाळा सुटली. पाच-सहा मुले एकमेकांना ढकलत, आरडाओरडा करत, चेंडू उडवत आली. शेननी त्यांच्यातल्या एकाच्या डोक्यावर टपली मारली आणि सगळी आत गेली. मग मासूमा आली. शेननी नकारार्थी मान हलवली. तिने पिशवीतून पोशाखावरची दुकानाची चिठ्ठी काढून दाखवली, तरी मान हललीच. ती रस्ता ओलांडून आमच्याकडे आली आणि लिनेटबाईंच्या शेजारी बसली. तिचा श्वास जोरात चालला होता.

त्यानंतर मजोकचे ते मित्र आले. आता उंच झालेले, हातात टॉवेल, चौघेच. ते मुद्दाम हळू चालत होते, मुद्दाम हळू बोलत होते. फाटकाशी शेननी पाटीकडे बोट दाखवले. मुलांनी वाद घातला नाही. ती सवयीने वळली आणि कालव्याच्या वाटेला लागली.

लिनेटबाई आता माझ्या काठावर आल्या होत्या. कशा सरकल्या ते त्यांनाही कळले नसावे.

"ती मुलं कुठं चाललीत?" त्यांनी विचारले.

मासूमाने हळूच सांगितले, "जिथं मजोक गेला होता तिथं."

लिनेटबाई उठल्या. भर उन्हात टोपी हातात धरून त्या मुलांच्या मागे अक्षरशः पळाल्या. "अरे, थांबा! मुलांनो, थांबा!" त्यांना घेऊन त्या फाटकाशी गेल्या.

"बाई, नियम तुमचाच आहे," शेन म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता.

"मग मघाची मुलं?"

"त्यांना मी ओळखतो. इथलीच आहेत."

"आम्हीही इथलीच आहोत," अचोल म्हणाली. ती कधी रस्ता ओलांडून गेली ते मला दिसले नव्हते. "आम्हाला कधी ओळखणार?"

शेननी फाटक उघडले.

एका दुपारीत सगळे बदलले असे मी सांगणार नाही. पालिकेच्या सभेत जोरदार भांडण झाले. आयोगाने आपली पायरी सोडली, असे काही सदस्य म्हणाले. पण त्या सभेला फुटबॉलच्या मैदानावरची मुले आली, कारखान्यातल्या बायका पाळी बदलून घेऊन आल्या, मासूमाची आई दंडाच्या इमारतीत पहिल्यांदा मान वर करून शिरली. जागा पुरेना, म्हणून मलाही आत नेले. थोड्या मतांच्या फरकाने का होईना, ठराव झाला. ती पाटी उतरली. अंग झाकून पोहणाऱ्या मुलींना कुणी अडवायचे नाही, असे ठरले. ज्यांना पोहता येत नाही त्यांना संध्याकाळी शिकवायचे ठरले. आणि आयोगात तरुणांसाठी दोन जागा झाल्या, मतदानाच्या हक्कासकट. तो हक्क अचोलने हट्टाने मागून घेतला. "नुसतं चित्रात बसायला मी येणार नाही," ती म्हणाली होती.

शिकवायचे काम शेनकडे आले. पहिल्या संध्याकाळी ते अचोलसमोर बराच वेळ घुटमळले. "तुझ्या भावाला त्या दिवशी मीच..."

"मला माहीत आहे," अचोल म्हणाली. "पाण्यात तोंड कसं बुडवायचं ते शिकवा."

पाण्याला ती फार भीत होती. पहिले कितीतरी दिवस कठडा सोडत नव्हती. दात वाजायचे, डोळे लाल व्हायचे, पण दुसऱ्या दिवशी टॉवेल घेऊन हजर. मासूमा तिच्या पुढे गेली, लहान पोरे पुढे गेली, ती मात्र कठड्यापासून एक हात लांब, मग दोन हात लांब.

मला आता कायमचे तलावाच्या काठावर ठेवले आहे. उन्हाळा सरत आला तेव्हा एके संध्याकाळी अचोलची आई न्यानडेंग आली. मजोक गेल्यापासून ती पाण्याच्या जवळ फिरकली नव्हती. कारखान्याचे पांढरे बूट तिच्या पायांत तसेच होते. ती माझ्यावर बसली ती तलावाकडे पाठ करून. मर्लमावशी येऊन तिच्याशेजारी बसली.

मागे शेनची हाक आली, "चल अचोल, पलीकडच्या काठापर्यंत!" मग पाण्याचा आवाज. हातांचे तडाखे, वेडेवाकडे, मध्येच थांबणारे. न्यानडेंगचे बोट माझ्या फळीच्या फटीत रुतले. आवाज थांबला. एक क्षण काहीच ऐकू येईना. आणि ती आई गर्रकन वळली, उभी राहिली आणि साऱ्या तलावाला ऐकू जाईल अशी ओरडली, "श्वास घे! पोरी, डोकं वर काढ, श्वास घे!"

अचोलने डोके वर काढले, श्वास घेतला आणि पलीकडचा काठ धरला.

मित्रांनो, परवा पालिकेचे लोक मला घासूनपुसून, चकाकी देऊन, पितळी पाटी लावून पुन्हा इमारतीत नेऊ म्हणत होते. त्यांचा हेतू चांगला आहे, पण मला तिथे जायचे नाही. इथे ओल्या अंगाची मुले माझ्यावर धप्पकन बसतात, कुणी चिप्स सांडते, कुणी भांडते, कुणी थरथरत टॉवेल लपेटून घेते. पाण्याने मी हळूहळू झिजेन, ते मला चालेल. वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा, सैल झालेला खिळा ठोका आणि निवांत बसा. पण बसल्यावर एकदा आजूबाजूला पाहा. इथे यायला हवे असे कुणी अजून आलेले नसेल, तर उठा आणि ते कुठे अडले आहे, ते जाऊन बघा. तोवर त्याची जागा मी धरून ठेवतो.